संत्र्याच्या सालटांनी मला लठ्ठ केलं

मी कोळी बोलून राहिलो. उगाच छताकडं पाहू नका, आता मी कोणाच्याच घरात नाही.

जन्म माझा मोहगावच्या शाळेतला, दुसरीच्या वर्गात, फळ्यामागं. बाराखडी अर्धी झाली होती. तेवढ्यात कोणी साहेब तपासणीला येणार म्हणून वीरेंद्र गुरुजींनी कधी नव्हे तो झाडू हाती धरला. शाळा सुटली माझी! मी त्यांच्याच थैलीत शिरलो अन् त्यांच्या घरी सौसरला आलो.

घरी माणसं तीन. गुरुजी, त्यांचे वडील केशवराव, अन् गुरुजींची बायको अमिता. केशवरावांचा संत्र्याचा बगीचा. संत्री विकायचे, सल्ला मात्र फुकट वाटायचे. अमिता सापाला भीत नव्हती, विंचवाला चिमट्यानं धरायची. पण मी दिसलो की अशी किंचाळायची की माझाच धागा सुटायचा.

मीही खोडकर. ती पोळ्या लाटायला बसली की हळूच तिच्या नाकापुढं उतरायचं, अन् सर्रकन वर. बस, एवढीच गंमत.

एक दिवस तिनं लाटणं खाली ठेवलं अन् सासऱ्यांना म्हणाली, "मामाजी, या घरात तो राहीन नाहीतर मी. दिवाळीपर्यंत पाहीन. मग चालली मी काटोलले, माहेरी."

आवाजात थट्टा नव्हती. गुरुजींचं तोंड उतरलं.

"अवं, एवढंच न?" केशवराव म्हणाले. "संत्र्याच्या वासानं कोळी पयतो. आपल्या घरी संत्र्याले काय कमी हाय?"

झालं. खिडकीत सालटं, दारावर सालटं, कोपऱ्याकोपऱ्यात सालटांच्या माळा. पहिल्यांदा माझं डोकं गरगरलं, खोटं कशाला बोलू? मी मुकाट छताला जाऊन बसलो. मग सालटं नरमली, सडली, अन् चिलटं आली. वऱ्हाडच उतरलं म्हणा! मी जागचा हललोसुद्धा नाही. जेवण आपल्या पायांनी, माफ करा, पंखांनी येऊन राहिलं होतं. शेजारपाजारचे भाऊबंदही आले. जाळ्याला जाळं लागलं.

जाळी वाढलेली पाहून केशवराव म्हणाले, "सालटं कमी पडून राहिली." अन् आणखी टोपलीभर टांगली. असा माणूस देव प्रत्येक घरी देवो.

इकडं दिवाळी तोंडावर आली अन् अमितानं बॅग भरली. गुरुजी मागं मागं. "अवं, उद्या काढतो न जाळं!"

"तुमचा उद्या मी काटोलहून पाहीन."

ती दारापर्यंत गेली अन् थांबली. माळेवरची चिलटं पाहिली, मग मला पाहिलं. पहिल्यांदाच न किंचाळता पाहिलं.

"मामाजी, तुम्ही त्याले पयवून नाही राहिले. जेवाले वाढून राहिले!"

केशवरावांना एकाएकी खोकला आला.

बॅग खाली ठेवली तिनं. सालटं खताच्या खड्ड्यात गेली. खिडक्या पुसल्या, फटीत चिंध्या कोंबल्या, झाडू फिरला. भाऊबंद पळाले. मी कपाटामागं तग धरला, पण पोटाचं काय? शेवटी रोडावलेला, लटपटत भिंतीवर आलो. केशवरावांनी चप्पल उगारली.

"थांबा, मामाजी!"

माझ्यावर स्टीलचा गिलास आला, खालून जुनी लग्नपत्रिका सरकली. अमिताच्या हातात गिलास इतका हलत होता की मी आत खुळखुळ्यातल्या खड्यासारखा वाजत होतो. अंगण ओलांडताना ती गिलासाला म्हणाली, "हलू नको रे बाबा. मी बी भिऊन राहिली."

खोडी काढायची याहून चांगली संधी मिळाली नसती. पण मी आठही पाय पोटाशी घेऊन गप्प बसलो.

"फेकला काय व?" आतून केशवरावांनी विचारलं.

"फेकला नाही. ठेवला."

आता मी बगीच्यात, धुऱ्याकडच्या, म्हणजे बांधालगतच्या झाडावर असतो. किडे भरपूर आहेत. दिवाळी झाली, अमिता घरीच आहे. संध्याकाळी आत तिघांचं भांडण रंगलं की मी इथून कान देतो.

गुरुजी, एक विनंती. मोरीच्या खिडकीची जाळी फाटली आहे, तेवढी बसवून घ्या. मी सुधारलो. माझ्या पोरांची हमी देत नाही.