डावऱ्यांचं संग्रहालय

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या उजव्या हाताला तेल चोळत होते.

ते गावच्या संग्रहालयात दुरुस्तीची कामं करायचे. लोकांच्या माळ्यांवरून आलेलं वाट्टेल ते तिथे होतं: दात उपटायची खुर्ची, कर्णा चेपलेला ग्रामोफोन, पाडलेल्या घरांच्या किल्ल्या. नुसत्या वस्तूंपाशी कुणी थांबत नाही, म्हणून बाबा शेजारी माणसं उभी करत. लाकडी सांगाडा, जुने कपडे आणि प्लास्टरचा हात. हात स्वतःचाच. काम उजव्याने करायचं, म्हणून साचा डाव्याचा. त्यामुळे तिथला शिंपी डावरा, न्हावी डावरा, पोस्टमन शिक्केही डाव्यानेच मारायचा. सगळ्यांचे उजवे हात खिशात, नाहीतर पाठीमागे.

"संग्रहालयाच्या नव्या बाईंनी पकडलं मला," बाबा म्हणाले. "विचारतात, काका, या गावात उजव्या हाताचं कुणीच नव्हतं का?"

"मग?"

"म्हटलं, मुलगी आलीय मदतीला. डॉक्टर उजवा करून देतो."

डॉक्टर नाडी बघणारा हवा होता. बाबांनी बोटं तशी वाकवली, मी तेल लावलेल्या हातावर ओलं प्लास्टर थापत गेले.

"हलू नका हो!"

"तू ऐकायचीस का लहानपणी?"

मग जरा वेळाने, "जावईबापू याही वेळी नाही आले?"

नवरा गेल्या वर्षीच घर सोडून गेला होता. या खेपेला सांगायचंच, असं ठरवून मी आले होते.

"काम असतं त्यांना."

"असू दे, असू दे."

एरवी अशा वेळी आमच्यापैकी एक जण काहीतरी निमित्त काढून उठायचा. तेव्हा उठता येत नव्हतं. त्यांचा हात साच्यात आणि साचा माझ्या हातात. ते माझ्याकडे बघत राहिले. मी तोंड उघडलं आणि विचारलं, "प्लास्टर तापतंय, फार गरम लागत नाही ना?"

सकाळी ते उठलेच नाहीत.

पुढे घर आवरायला आले, तेव्हा बाईंचा निरोप आला. साच्यातून हात ओतून घेतला होता, डॉक्टर बसवला होता. बघून जा म्हणाल्या. मला दालनात सोडून त्या चहा सांगायला गेल्या. दुसरं कुणीच नव्हतं.

डॉक्टर टेबलापाशी बसला होता. शेजारी सुया उकळायचा डबा, जाड बुडाच्या बाटल्या. बाबा चेहरे कधीच करत नसत, तसा यालाही नव्हता. पण अंगठ्याजवळची करवतीची खूण प्लास्टरमध्ये नीट उमटली होती. रोगी करायचा राहून गेलेला. समोरचं स्टूल मोकळंच.

दोरी ओलांडून मी त्यावर बसले. मनगट त्या बोटांखाली सरकवलं.

"बाबा," मी म्हणाले. आवाज मोठाच निघाला. "तुमचे जावई घर सोडून गेलेत. आता नाही यायचे. मी तिथे एकटीच असते."