दत्तूचं अर्थिंग

रेवदंड्याच्या मच्छीमार सोसायटीने बोटींच्या नोंदी आणि लिलावाचे हिशेब ठेवायला दोन सर्व्हर रॅक घ्यायचे ठरवले, तेव्हा विजेची आखणी माझ्याकडे आली. खोली बर्फाच्या कारखान्यातली, जनरेटरशेजारची. तिथलं सगळं वायरिंग बाबांचं. बाबा गेल्या पावसाळ्यात गेले.

बर्फ फोडायच्या मशीनवर शकूमावशी होती. मशीनला तिने आधी हाताची मागची बाजू लावून पाहिली.

"हे काय गं?"

"बघतंय, आज करंट चावतो का. दत्तू सांगायचा, खारी हवा हाय, मशीनला पन घाम येतो." ती हसली. "तुझा बाप लय गोड बोलायचा गो!"

मी अर्थिंग तपासलं. रीडिंग येईना. मागच्या नारळाखालचं सिमेंटचं झाकण उचललं आणि तांब्याची पट्टी ओढली, तर ती सरळ हातात आली. खाली वीतभर वाळू, मग खडक. बाबा त्या खडकाशी थांबले असणार. झाकण मात्र सुबक घोटलेलं होतं. मी ते घाईने परत बसवलं, कोणी पाहिलं नाही ना म्हणून मागे वळून बघत.

हरेश्वरकाका सोसायटीचे चेअरमन, बाबांचे जुने मित्र. वरच्या ऑफिसात जाऊन मी त्यांना म्हणाले, "नवं अर्थिंग करावं लागेल. सर्व्हरमधून थोडी वीज गळतेच, ती जमिनीत जायला हवी. नाहीतर रॅकचं दार धरणाऱ्याला झटका बसेल."

"दत्तूचं हाय की! बापापेक्षा शानी झालीस काय? दोन लायनी घे, यूपीएस घे, काय पायजे ते घे. पन त्याचं काम मी खनू देनार न्हाय."

रॅकपुरतं वेगळं अर्थिंग खोलीपलीकडे करता आलं असतं. सर्व्हर सुरक्षित, बाबांचं नावही सुरक्षित. मी तसं कागदावर काढलंसुद्धा. काढताना हात जराही थांबला नाही, याची आता लाज वाटते.

तेवढ्यात खाली मशीनपाशी शकूमावशी "आई गं, चावलं!" म्हणाली आणि बाकीच्या बायका हसल्या.

मी खाली गेले. नारळाखालची पट्टी उचलून आणली आणि कारखान्याचा मेन स्विच पाडला.

दारात विनेश नाखवा बर्फासाठी टेम्पो घेऊन उभा होता. "लाइट गेली काय?"

मागोमाग आलेल्या हरेश्वरकाकांनी माझ्या हातातली पट्टी पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. "हां, गेली लाइट," ते हळूच म्हणाले. "येईल."

मी गप्प राहायचं होतं, एवढंच.

"लाइट आहे," मी म्हणाले. "मी बंद केलीय. बाबांनी अर्थिंग केलंच नव्हतं. नुसती पट्टी वाळूत खोचली होती. दुरुस्ती होईपर्यंत मशीनला कोणी हात लावू नका."

विनेशने टेम्पो वळवला. काका ऑफिसात गेले आणि दार लोटून घेतलं.

शकूमावशी पदराला हात पुसत माझ्या अंगावरून गेली. थांबली नाही.