एका ओळीत सहा छर्रे

आमच्या ह्यांना मित्र 'नेमबाज' म्हणतात. चेष्टेने म्हणतात, हे ह्यांना सोडून सगळ्यांना कळतं. लग्नाला अकरा वर्षं झाली; दर हंगामात हे बंदूक घेऊन तळ्यावर जातात आणि सर्दी घेऊन परत येतात. कधी वारा उलटा असतो, कधी काडतुसं दमट. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

रानपाखरं शिजवायला मी शिकले ती माहेरी. वडील खरे शिकारी होते. म्हणूनच बाजारातल्या मोठ्या हॉटेलच्या मालकीणबाईंना शिकारीच्या हंगामासाठी स्वयंपाकीण हवी आहे हे कळताच मी अर्ज केला. बाई म्हणाल्या, "रविवारी दुपारी तुमच्या घरीच जेवायला येते. रानबदक करून वाढा. जमलं तर नोकरी तुमची." मला ती नोकरी फार हवी होती. अकरा वर्षं मी फक्त "मीठ कमी आहे" एवढंच ऐकत आले होते.

ओळखीच्या शिकाऱ्याकडून बदकं मागवते म्हटलं, तर ह्यांचं नाक फुगलं. घरात नेमबाज असताना परक्याची शिकार?

रविवारी सकाळी ह्यांच्या पिशवीतून दोन बदकं निघाली. पोट साफ केलेली, पिसं उपटलेली. ज्या माणसाने जन्मात लसूण सोलला नाही, त्याने म्हणे पिसं उपटली! मी एका बदकाच्या छातीवर बोट दाबलं. कातडीखाली जाड चरबी. ही बदकं उडणं सोडाच, चालतानाही धापा टाकत असतील.

"अहो, ही दुकानातली आहेत."

"हळू बोल! त्या बाईंना काय कळतंय? माझी अब्रू राख."

"आणि माझी नोकरी?"

"ती मिळेलच की. मी शिकारीची गोष्ट अशी रंगवून सांगतो, बघच तू."

संताप गिळला आणि कामाला लागले. रानबदकाच्या अंगावर चरबी नसते. त्याला लोणी फासून कडक आचेवर झटपट भाजायचं. ही तशी भाजली असती तर स्वतःच्याच तेलात पोहली असती. मी कातडीला टोचे मारले, मीठ चोळून ठेवलं आणि आंघोळीला गेले. आल्यावर ती मंद ओव्हनमध्ये सरकवली आणि सुटेल तशी चरबी काढत राहिले.

जेवताना ह्यांनी धुकं, चिखल, दोनशे पावलांवरून धरलेला नेम, सगळं सांगून टाकलं. तेवढ्यात बाईंच्या दाताखाली काहीतरी कट्कन वाजलं.

"छर्रा!" हे हर्षाने ओरडले. "जपून हं बाई. खरी शिकार म्हटली की असं व्हायचंच."

म्हणजे मी आंघोळीला गेल्यावर ह्यांनी हा उद्योग केला होता! बाईंनी शांतपणे सुरीने छाती उकलली. आणखी एक निघाला. मग आणखी एक. एकूण सहा, सदऱ्याच्या गुंड्यांसारखे एका ओळीत.

"बंदूक होती की शिवणयंत्र?" बाईंनी विचारलं. "आणि छर्रा आत शिरताना पीस ओढून नेतो. इथे एकही दिसत नाही." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही सांगा. हे रानातलं आहे?"

टेबलाखाली ह्यांचा पाय माझा पाय दाबत होता. हो म्हटलं तर ह्यांची अब्रू वाचत होती. पण रानातलं आणि दुकानातलं न ओळखणाऱ्या स्वयंपाकिणीला स्वयंपाकघरात कोण उभं करणार? मी पाय काढून घेतला.

"नाही. दुकानातलं आहे, म्हणूनच मंद आचेवर केलं. रानातलं असतं तर अर्ध्या तासाच्या आत बाहेर काढलं असतं. छर्ऱ्यांचं काय ते ह्यांना विचारा."

बाईंनी ताटातला तुकडा हाडापर्यंत साफ केला आणि म्हणाल्या, "उद्या आठला या."

दुसऱ्या दिवशी मी निघाले, तर हे दारात शेजाऱ्यांना सांगत होते, "मीच मुद्दाम दुकानातली आणली हो. म्हटलं, बघू तरी हिला ओळखता येतात का. परीक्षा घेतली!"

शेजारी कौतुकाने मान डोलवत होते. मी चपला घातल्या.

"छान घेतलीत," मी म्हटलं. "आता रोज संध्याकाळी तुमची. मी नऊला येते, जेवण गरम असू द्या."