राजोडीवरून घरी

जयवंतीच्या डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला बोट टेकवलं, की कातडीखाली एक बारीक थरथर लागते. डायलिसिससाठी तिथे धमनी आणि शीर एकमेकींना जोडून दिली आहेत. रक्त त्या जोडातून जोरानं धावतं, म्हणून ती थरथर. ती लागली की सगळं ठीक. दिनानाथने नेहमीप्रमाणे बोट टेकवून पाहिलं आणि मान हलवली.

"चालू आहे?" जयवंतीने विचारलं.

"चालू. पिकअपही बरा आहे."

रात्रीची शेवटची पाळी संपली होती. बाकीचे पेशंट निघून गेले होते आणि स्टेफी, तिथली टेक्निशियन, मशीन पुसत होती. ती काही हसली नाही.

"काका, खरंच सांगते, रिक्षा करा ना. काकूंचं बीपी आज परत लो झालेलं. बाईकवर चक्कर आली म्हणजे?"

"बांधून नेतो मी तिला."

"गोणीसारखं," जयवंती म्हणाली. "तू नको काळजी करू गं. मी पडले तर हेही पडतील, एवढी सोय केलीय."

स्टेफीने फडकं बाजूला ठेवलं. "आणि काका, डॉक्टर विचारत होते. तुमच्या तपासण्यांचं."

"बघतो," दिनानाथ म्हणाला.

गेलं दीड वर्ष तो हेच म्हणत होता. घरात किडनी देणारं कुणी आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्याने लगेच मान डोलावली होती. दोघांचा रक्तगट एकच होता. त्याला साखर नाही, दाब नाही. विरारच्या शाळेत क्लार्क म्हणून त्याने एक कागद कधी टेबलावर शिळा होऊ दिला नव्हता. पण त्याचे वडील हर्नियाच्या साध्या ऑपरेशनला स्वतःच्या पायांनी चालत गेले होते आणि परत आले नव्हते. तेव्हा तो नववीत होता. हे त्याने डॉक्टरांना सांगितलं नाही. जयवंतीला ठाऊक होतं. तिने तपासणीचा विषय एकदाही काढला नाही. तिने विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला कधी कधी वाटे.

खाली त्याने तिची ओढणी दोघांच्या कमरेभोवती घेऊन पुढे गाठ मारली आणि गाडीला किक मारली.

घरी जायला सरळ रस्ता होता. तो खणून ठेवला होता तेव्हा एका रात्री नाइलाजाने दिनानाथ गिरीजकडून वळला, पुढे कळंब, राजोडी करत विरारला पोचला. त्या रात्री जयवंती कितीतरी महिन्यांनी मोकळं हसली. खड्डे बुजले, रस्ता झाला, तरी त्यानंतर डायलिसिसच्या दिवशी तो समुद्राकडूनच जात राहिला.

गिरीजच्या वाड्या लागल्या तशी हवा बदलली. केळींना रात्री पाणी सोडलेलं असावं; ओल्या मातीचा गारवा रस्त्यावर उतरला होता. हेडलाइटच्या उजेडात पानं क्षणभर हिरवी होत आणि मागे काळोखात जात. समोरून कुणी नव्हतं. मागून ती ओरडली, "अहो, हाणा की जरा!" त्याने वेग वाढवला. शर्टात वारा भरला आणि पन्नाशीचा दिनानाथ आपल्याशीच हसला. जयवंतीने हेल्मेटची काच वर केली होती आणि तोंड उघडं ठेवलं होतं. दिवसाचं पाणी ती मापून पीत असे. हा वारा तिला मापावा लागत नव्हता.

"आज दोन तांबे प्यायले," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "स्टेफीला सांगू नका."

राजोडीला सुरूच्या झाडांखाली त्याने गाडी उभी केली. इंजिन नेहमीसारखं चालूच ठेवलं. चालू इंजिनावर बोलणं फार लांबत नसे.

"आर्याचा फोन आला होता," जयवंती म्हणाली. "सोमवारी येतेय पुण्याहून."

"मध्येच?"

"तपासण्या करून घ्यायला. किडनी देते म्हणते."

दिनानाथ समोर पाहत राहिला. अंधारात लाटेची पांढरी रेघ उमटत होती, पुसली जात होती.

"तू काय म्हणालीस?"

"नाही म्हणाले. ऐकते कुठे? म्हणाली, बाबा घाबरतात, मी नाही घाबरत."

त्याने उगाच एकदा रेस दिली.

"मी काही म्हणत नाही हो," जयवंती हळूच म्हणाली. "मला हा रस्ता पुष्कळ आहे."

त्याने चावी फिरवली. इंजिन थांबलं. समुद्राचा आवाज एकदम जवळ आला. गाडी निश्चल झाली, तरी त्याच्या डाव्या कुशीला काहीतरी थरथरत होतं. आधी त्याला कळेना. मग लक्षात आलं. तिचा डावा हात तिथे टेकला होता, आणि शर्टावरून ती बारीक थरथर त्याला लागत होती. आजवरच्या सगळ्या रात्री ती थरथर तिथेच असणार. इंजिनाच्या धडधडीत वेगळी ओळखू येत नव्हती, इतकंच.

गाठ न सोडता त्याने तिच्या बोटांवर आपला हात ठेवला.

"जयू, मला भीती वाटते," तो म्हणाला. "आर्याला सांग, येऊ नकोस. सोमवारी मी जातोय."