उसवलेल्या खुर्चीची गोष्ट

मित्रांनो, न्यायदेवतेचं आसन म्हणतात ते मीच! निदान तिच्या समोरचं. मी सरकारी वकीलबाईंच्या खोलीतली, येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी ठेवलेली एक जुनी खुर्ची आहे. न्यायदेवता स्वतः अजून फिरकलेली नाही.

सुताराने मला सागाची म्हणून विकलं. मी सागाची नाही. पण मला शपथेवर कुणी विचारलं नाही. नवी होते तेव्हा साहेबलोक माझ्या पॉलिशवर हात फिरवायचे. पुढे गादी उसवली आणि मी आरोपींच्या वाट्याला आले.

एखाद्याला जीव द्यायला मदत करणं इथे गुन्हा आहे. तरी खटला भरण्याआधी बाईंना दोन प्रश्न सोडवावे लागतात: पुरावा आहे का, आणि खटला भरण्यात लोकांचं भलं आहे का? दुसऱ्या प्रश्नासाठी बाई टेबलाला वळसा घालून माझ्यावर येऊन बसतात. या बाजूने फाइल वेगळी दिसते म्हणे. आजारी मावशीच्या घरावर डोळा ठेवून तिला ‘मदत’ करणारा भाचाही माझ्यावरच बसला होता. त्याच्यावर बाईंनी बेधडक खटला भरला.

मग आले शिंपीकाका. अंथरुणाला खिळलेल्या बायकोला त्यांनी मदत केली होती आणि स्वतःच पोलिसांना कळवलं होतं. पुराव्याचा प्रश्न त्यांनीच मिटवला.

“काका, तुम्ही त्यांना अडवलं नाही?” बाईंनी विचारलं.

“रोज अडवलं. ती रोज बरं म्हणायची. सकाळी पुन्हा तेच.”

बाईंनी त्यांना बाकावर बसवलं आणि त्या माझ्यावर बसल्या. बाईंच्या हाताखालचे धाकटे वकील कुरकुरले, की एकाला सोडलं तर उद्या घरोघरी हेच होईल.

“म्हणून तर प्रत्येकाचं वेगळं बघायचं,” बाई म्हणाल्या आणि फाइल घेऊन मोठ्या साहेबांकडे गेल्या.

काका पुन्हा माझ्यावर टेकले. बोटांना उसवण लागली. शिंप्याचा हात तो, गप्प कसा बसेल? कॉलरमागची दोरा ओवलेली सुई काढून ते खाली वाकून टाके घालू लागले. बायको होती तोवर सुईत दोरा तीच ओवून द्यायची, असं ते मलाच सांगत होते.

बाई परतल्या. “गुन्हा झालाय, काका. झाला नाही असं मी म्हणणार नाही. पण खटला भरणार नाही.”

काकांनी दोरा तोडला आणि सुई पुन्हा कॉलरमागे खोचली.

“म्हणजे आता घरीच जायचं?”

बाई त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेल्या.

मित्रांनो, माणसं माझ्यावर फार जड होऊन बसतात. त्यांना आधी नीट बसू द्या, मग काय ते विचारा. आणि काकांची शिवण अर्धीच राहिलीय. दोरा लोंबतोय. कुणी इकडे आलात, तर सुई तेवढी घेऊन या.