गांडुळांचा विटाळ

महाडला चवदार तळ्यात पंचगव्य ओतून ते 'शुद्ध' केलं, त्याला काही महिने झाले होते. तेव्हापासून तुडीलच्या हैबती पाटलांना शुद्धीचा नादच लागला होता. अशात श्रावणात त्यांचा पुतण्या मालोजी मुंबईच्या कॉलेजातून गावी आला, तो गांडुळं गोळा करायला.

"गांडुळाचं कातडं नि आतडं यांच्या मधल्या पोकळीत पिवळसर पाणी असतं, काका. त्यात प्रोटीन असतं. तापवलं की अंड्याच्या पांढऱ्यासारखं गोठतं. त्याचा अभ्यास करायचाय."

"कर बाबा. पण गांडुळं आपल्याच शेतातली घे."

मालोजीला गांडुळं पुष्कळ हवी होती. काकांच्या शेतातली पुरेनात, म्हणून त्यानं शेजारच्या, महारवाड्यातल्या चांगूच्या शेतातलीही उकरली आणि सगळी एकाच घमेल्यात टाकून पडवीत आणून ठेवली. हे कळताच हैबती हातभर मागं सरले.

"आता यातली आपली कंची नि त्याची कंची?"

"सगळी सारखीच आहेत, काका."

"सारखी कशी आसतील?"

भावकी जमली. तोडगा लगेच निघाला: तळं शुद्ध होतं, तर घमेलं का नाय होणार? शेण, गोमूत्र, दूध, दही, तूप कालवून वरून ओतलं. गांडुळं तडफडली, आकसली आणि अंगातलं होतं नव्हतं ते पिवळं पाणी त्यांनी सोडून दिलं.

मालोजीनं कपाळाला हात लावला. "सगळं वाया गेलं! दुधातही प्रोटीन असतं. आता यातलं गांडुळाचं कुठलं नि गाईचं कुठलं, कसं ओळखू?"

"गाईचं हाय ना त्यात?" हैबती समाधानानं म्हणाले. "मग झालं तर."

दुसऱ्या दिवशी मालोजी कुदळ घेऊन दोन्ही शेतांमधल्या बांधावर गेला. चांगू त्याच्या मदतीला वाकला. हा बांध आपला, असं हैबती बापाच्या वेळेपासून सांगत आले होते. ते भावकीला घेऊन धावत आले.

चांगूच्या ओंजळीत गांडुळं वळवळत होती. "पाटील, ही बांधाखालनं तुमच्याकडं जातात, आमच्याकडं येतात. आमी कधी विटाळ मानला नाय."

भावकीतले म्हातारे येसाजी म्हणाले, "हैबती, बांध तुझा म्हंतोस. मंग ही गांडुळं बी तुझीच रे?"

हैबतींनी त्या ओंजळीकडे पाहिलं आणि त्यांच्या अंगावर काटा आला.

"बांध त्याचा! गांडुळांसकट त्याचा! माझा कधीच नव्हता!"

"जरा मोठ्यानं बोला, पाटील," चांगू शांतपणे म्हणाला. "मागं जे उभे हायत त्यांनाबी ऐकू जाऊ दे."

हैबतींनी मोठ्यानं सांगितलं.

मालोजी गांडुळांच्या पिवळ्या पाण्यानं बाटली भरून मुंबईला गेला. पुढच्या पावसाळ्यात चांगूनं बांधावर तूर लावली. ती फुलावर आली तेव्हा हैबतींची बायको बयाबाई अंगणातून म्हणाली, "अवो, काय फुललीय तूर! बगा तरी."

हैबती पाठ फिरवून आंघोळीला गेले.