आजोबांच्या खिशातला मुका मोबाइल

मी एक जुना मोबाइल आहे, मित्रांनो. काचेला तडा गेलाय, बॅटरी दिवस मावळला की मान टाकू लागते. तरी आजोबांच्या सदऱ्याच्या खिशात माझी जागा पक्की आहे.

आधी मी सूनबाईंचा होतो. त्या कपडे शिवतात. गिऱ्हाइकं माझ्यावर नव्या गळ्यांचे फोटो पाहून खूश व्हायची. पुढे नवा मोबाइल आला आणि मी खणात बटणांच्या डब्याशेजारी जाऊन पडलो. आजोबा रस्ता विसरू लागले, तेव्हा मला पुन्हा बाहेर काढलं. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान केव्हाच बंद झालंय, पण ते अजूनही मधूनच तिकडे निघतात. म्हणून माझ्यात नकाशाचं ॲप घातलं. आजोबा कुठे आहेत, हे मी डेटावरून सूनबाईंना कळवायचो. या कामाचा मला केवढा अभिमान होता!

पण माझ्यातली बाकीची ॲप्स भारी खादाड. कोणी न सांगता व्हिडिओ उतरवून घ्यायची, पडद्याआड अपडेट ओढायची. दुपारपर्यंत दिवसभराचा डेटा फस्त! एके सकाळी सूनबाई वैतागल्या. "थांबा, सगळ्यांचंच तोंड बंद करते!" म्हणत त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन एकूणएक ॲपचा डेटा बंद केला. त्या घाईत नकाशाचाही गेला. मी सांगणार कसा?

त्याच संध्याकाळी, शिलाई मशीनच्या खडखडाटात, आजोबा चपला घालून हळूच बाहेर पडले.

मी ठिकाण कळवायला गेलो, तर वाटच बंद. माझी पाचावर धारण बसली. आजोबा भलत्याच गल्लीत शिरले. पुढे मोठा रस्ता होता, ट्रक धडधडत जात होते. सूनबाईंना तर आजोबांचा ठिपका अजून घरातच दिसत असणार, आणि त्या निवांत काजं करत असणार.

अंधारून आलं तेव्हा मी वाजलो. आजोबा घरात दिसेनात म्हणून सूनबाईंनीच फोन लावला होता. फोन यायला डेटा लागत नाही ना! आजोबांनी मला बाहेर काढलं, घड्याळ लावावं तसं कानाला लावलं आणि म्हणाले, "छान चालतंय." मग पुन्हा खिशात! मी रडकुंडीला आलो. बॅटरी संपत आली होती. मी परत वाजलो. आजोबांचा पाय रस्त्यावर पडणार, तोच कोपऱ्यावरच्या फूलवालीने त्यांचा हात धरला.

"अहो आजोबा, फोन वाजतोय की! द्या इकडे." तिने मला उचलून पत्ता सांगितला. "धरून ठेवलंय मी यांना, पण लवकर या."

"आले, आले!" सूनबाईंचा रडवेला आवाज ऐकला आणि मी बंद पडलो.

आता खादाड ॲप्स बंद आहेत, नकाशा तेवढा चालू. तरी आजोबा चपलांकडे वळले की मी आधी नकाशाचा डेटा चालू आहे ना, ते पाहतो. मित्रांनो, डेटा जरूर वाचवा, पण कोणाचं तोंड बंद करताय ते आधी नीट पाहा. आजोबा रोज मला कानाला लावून "छान चालतंय" म्हणतात. त्यांचं ते म्हणणं खोटं पडू देऊ नका.